औषधांना न जुमानणारे जंतू आणि पारंपरिक उपाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

“मला आता ही गोळी लागूच पडत नाही” म्हणजे नेमकं काय होतं?

गोळीची सवय शरीराला होत नाही. बदलतो तो जंतू. जंतूंच्या कुठल्याही मोठ्या वसाहतीत एखादा जरा वेगळा निघतोच. औषधाने बाकीचे मेले की त्या एकाला रान मोकळं मिळतं. त्याच्याकडे चार मुख्य युक्त्या असतात: औषध तोडणारं एन्झाइम तयार करायचं, औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलायची, आत शिरायचं दार अरुंद करायचं, किंवा आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकायचं. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू, जागा बदलतो. ई. कोलाय आणि क्लेबसिएला हे आतड्यातले जंतू बहुतेक वेळा औषध तोडतात. ही विद्या प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यांतून एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेही.

२०१९ साली जगभरात अंदाजे १२.७ लाख मृत्यू थेट अशा संसर्गांमुळे झाले. ज्यांत अशा जंतूंचा वाटा होता ते सगळे मोजले तर आकडा ४९.५ लाखांच्या घरात जातो. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं की अपुरा डोस घेतला तर जंतू मरण्याऐवजी सरावतील. ‘अपुरा डोस’ हे शब्द लक्षात ठेवा. काढे आणि अर्कांच्या बाबतीतही सगळं तिथेच अडतं.

मग पारंपरिक उपाय हे यावरचं उत्तर आहे का?

काही ठिकाणी नक्की आहे, आणि ती ठिकाणं ओळखता येतात. कुठल्याही उपायाला तीन प्रश्न विचारा. औषध जंतूपर्यंत पोचतं का? पोचतं तिथे ते पुरेसं दाट असतं का? आणि पुरेसा वेळ टिकतं का? उघड्या जखमेवर लावलेला मध थेट जंतूवर बसतो, घट्ट असतो आणि पट्टीखाली तासन्‌तास राहतो, म्हणून तिन्ही उत्तरं ‘हो’ येतात. फुप्फुस, मूत्रपिंड, हाड किंवा रक्तातल्या संसर्गावर प्यायलेला काढा पहिल्या नाही तर दुसऱ्या प्रश्नाला अडखळतो. त्यात काढ्याचा कमीपणा नाही. पोटातून रक्तात आणि रक्तातून जंतूपर्यंतचा रस्ताच लांब आहे.

याखेरीज दोन कामं हे उपाय खरंच करतात. एक म्हणजे संसर्ग होऊच न देणं. दुसरं म्हणजे जिथे अँटिबायोटिकची गरजच नाही अशा दुखण्यात त्रास कमी करून ती गोळी वाचवणं. न घेतलेली अनावश्यक गोळी हीसुद्धा या लढाईतली मोठी कमाई आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

‘लसणाने एमआरएसए मरतो’ असं वाचलं. हे खोटं आहे का?

खोटं नाही, अर्धं आहे. लसणाचा जंतुनाशक घटक म्हणजे अ‍ॅलिसिन, आणि अख्ख्या पाकळीत तो नसतोच. अ‍ॅलिन हे द्रव्य आणि अ‍ॅलिनेज हे एन्झाइम पाकळीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. ठेचल्यावर ते एकत्र येतात आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार होऊ लागतं. आधी शिजवलं तर एन्झाइम मरतं. अख्खी पाकळी गिळली तर पोटातलं आम्ल तेच करतं.

आता हिशेब करू. १ ग्रॅम ताजा लसूण ठेचला की साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम अ‍ॅलिसिन मिळतं. ४ ग्रॅमच्या मोठ्या पाकळीतून फार तर १८ मिलिग्रॅम. ते सगळंच्या सगळं ५ लिटर रक्तात उतरलं असं धरलं, तरी दर मिलिलीटरला ३.६ मायक्रोग्रॅम होतं. एमआरएसएची वाढ नुसती थांबवायला प्रयोगशाळेत साधारण १६ ते ३२ मायक्रोग्रॅम लागतात, मारायला त्याहून जास्त. म्हणजे हात सैल सोडून मोजलं तरी चार-पाच पट कमी पडतं. प्रत्यक्षात अ‍ॅलिसिन रक्तात टिकतच नाही. तांबड्या पेशींशी त्याची लगेच प्रक्रिया होते आणि ते नाहीसं होतं. दहा पाकळ्या खाल्ल्याने रक्तातला आकडा वाढत नाही, पोटाची आग मात्र होते.

कच्चा लसूण ठेचून त्वचेवर बांधू नका. काही तासांतच फोड येण्याइतकं भाजतं, आणि लहान मुलांच्या कातडीला तर त्याहून लवकर.

हजार वर्षांपूर्वीच्या पोथीतला लेप खरंच चालला का?

चालला, आणि का चालला ते समजून घेण्यासारखं आहे. जुन्या इंग्रजीतल्या ‘बाल्डची वैद्यकपोथी’ या दहाव्या शतकाच्या सुमाराच्या हस्तलिखितात रांजणवाडीवर एक औषध दिलं आहे. लसूण आणि त्याच कुळातली कांदापात किंवा कांदा समभाग कुटायचा, त्यात वाइन आणि बैलाचं पित्त घालायचं, आणि पितळी भांड्यात नऊ रात्री ठेवून मग गाळायचं. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली ते शब्दशः बनवून पाहिलं. लसूण-कांदा समभाग, वाइन, पाण्यात विरघळवलेलं गाईचं पित्त, नऊ दिवस थंड जागी. या मिश्रणाने एमआरएसएच्या बायोफिल्मला, म्हणजे जंतू स्वतःभोवती चिकट थर करून बसतात त्या थराला, जबर धक्का दिला. एकेक घटक सुटा वापरला तेव्हा तसं झालं नाही.

पुढे २०२० च्या कामात दिसलं की द्रवात तरंगणाऱ्या जंतूंना एकटं अ‍ॅलिसिन मारतं, पण बायोफिल्ममधल्यांना मारायला अख्खी कृती लागते. एखाद्या जुन्या कृतीतून ‘मुख्य घटक’ काढायचा आणि बाकीचं फेकून द्यायचं, ही घाई कुठे अंगलट येते त्याचं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे.

घरी बनवून डोळ्यात घालायचं मात्र नाही. घरचं मिश्रण निर्जंतुक नसतं, आणि लसणाचा रस बुबुळाला इजा करतो. रांजणवाडीला स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून, पिळून ५ ते १० मिनिटं शेक, दिवसातून तीन-चार वेळा, एवढं बहुतेक वेळा पुरतं.

मधाबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण नैसर्गिक उपायांत सगळ्यात भक्कम पुरावा त्याच्याकडे आहे. मधात सुमारे ८० टक्के साखर आणि १७-१८ टक्के पाणी असतं, त्यामुळे तो जंतूतलं पाणी ओढून घेतो. त्याचा पीएच साधारण ३.२ ते ४.५ असतो, म्हणजे तो आंबट आहे. मधमाशीने त्यात मिसळलेलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम, जखमेच्या पाण्याने मध जरा पातळ झाला की, हायड्रोजन पेरॉक्साइड सोडू लागतं. न्यूझीलंडमधल्या मानुका झुडपाच्या मधात याशिवाय मिथाइलग्लायॉक्सल असतं. इतक्या बाजूंनी एकदम मार बसतो म्हणून जंतूला एखादी युक्ती काढून निसटणं अवघड जातं. मधाला टिकाऊ प्रतिकार निर्माण करायचे प्रयोगशाळेतले प्रयत्नही फसले आहेत.

उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यानुसार अर्धवट खोलीच्या भाजलेल्या जखमा नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाखाली चार-पाच दिवस लवकर भरल्या. शस्त्रक्रियेनंतर पिकलेल्या जखमांतही फायदा दिसला. पायावरच्या, शिरांच्या बिघाडाने होणाऱ्या जुनाट जखमांत मात्र तो स्पष्ट दिसला नाही. सगळ्या जखमांना एकच तराजू लावू नये.

मधाचं ड्रेसिंग कसं करतात आणि ते कुठे फसतं?

मध वैद्यकीय दर्जाचा, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला लागतो. उष्णतेने निर्जंतुक केला तर एन्झाइम मरतं, म्हणून किरण वापरतात. स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मधात क्लॉस्ट्रिडियम या जंतूचे बीजाणू असू शकतात, त्यात पाक मिसळलेला असू शकतो, किंवा तो आधीच तापवलेला असतो. जखमेसाठी तो नाही.

जखम आधी निर्जंतुक सलाईनने धुवायची. काळी-पिवळी मेलेली कातडी असेल तर ती डॉक्टर किंवा नर्स काढतील. तिच्यावरून मध लावून काही साधत नाही. १० बाय १० सेंटिमीटरच्या पट्टीला साधारण २० मिलिलीटर मध लागतो. तो पट्टीत जिरवायचा आणि मग पट्टी जखमेवर ठेवायची. थेट जखमेवर ओतला तर अंगाच्या उबेने पातळ होऊन ओघळून जातो. पट्टी जखमेच्या कडेबाहेर दोन-तीन सेंटिमीटर जायला हवी, कारण सूज कडेबाहेरही असते. भोवतालच्या निरोगी कातडीला झिंक मलम किंवा पेट्रोलियम जेली लावा, नाहीतर ती पाण्याने पांढरी पडून सोलवटते. वरून शोषून घेणारा पॅड.

सुरुवातीला पाणी फार सुटतं. त्या दिवसांत पट्टी रोज, कधी दिवसातून दोनदा बदलावी लागते, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. दोन दिवस तशीच ठेवलेली पट्टी ओली चिंब झालेली असते, मध केव्हाच वाहून गेलेला असतो आणि खाली जंतूंना साखरपाणी मिळालेलं असतं. पाणी कमी झालं की दोन-तीन दिवसांनी बदलली तरी चालते. पट्टी चिकटली तर ओढू नका, सलाईनने भिजवा आणि थांबा.

आंबटपणामुळे थोडं चुरचुरतं. अर्ध्या तासात कमी झालं नाही तर धुऊन टाका. मधमाशीच्या उत्पादनांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी वापरू नये. मधुमेहींनी मोठ्या जखमेवर वापरताना रक्तातली साखर तपासत राहावी, आणि पायाच्या जखमेला हात लावण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. तळ दिसत नाही अशा खोल भोकात मध भरू नका. ताज्या भाजलेल्या जागेवर पहिलं काम २० मिनिटं वाहत्या गार पाण्याचं, मधाचं नंतर.

खोकल्यावर मध दिला तर अँटिबायोटिक टळतं का?

बऱ्याचदा टळायलाच हवं, कारण सर्दी-खोकला बहुतांशी विषाणूंचा असतो आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. झोपताना अर्धा ते एक चमचा मध, म्हणजे २.५ ते ५ मिलिलीटर, खोकला जरा हलका करतो आणि रात्रीची झोप सुधारतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध बोटभरही चाटवू नका. त्यातल्या बीजाणूंमुळे होणारा बॉट्युलिझम बाळाचे स्नायू लुळे पाडतो.

हळदीचं काय?

इथे आमचं मत अनेकांना आवडणार नाही. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हा तिचा मुख्य घटक साधारण २ ते ५ टक्के असतो आणि तो आतड्यातून फारच कमी शोषला जातो. रोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलेल्या रुग्णांच्या रक्तातही सरासरी पातळी मिलिलीटरला १ मायक्रोग्रॅमच्या खालीच राहिली. स्टॅफिलोकॉकस रोखायला प्रयोगशाळेत शंभराच्या पुढे लागतात. शिवाय कर्क्युमिन स्वतः चमकतं आणि समोर येईल त्या प्रथिनाशी जोडलं जातं, त्यामुळे अनेक चाचण्यांत ते उगाचच गुणकारी दिसतं. औषध शोधणारे रसायनशास्त्रज्ञ त्याला ‘फसवे रेणू’ या वर्गात टाकतात ते म्हणूनच.

जखमेवर पूड भरल्याने रक्त थांबल्यासारखं वाटतं, कारण कुठलीही कोरडी पूड तेवढं करते. पण ती निर्जंतुक नसते, खपलीत अडकते आणि खाली पू साठला तरी वरून दिसत नाही. शोषण वाढवण्यासाठी मिऱ्यातलं पायपरिन घातलेल्या कॅप्सूलांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. जेवणातल्या हळदीला यातलं काहीच लागू नाही.

टी ट्री तेल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं तेल, चालतं का?

त्वचेपुरतं, पातळ करून. टी ट्री तेल ५ टक्के म्हणजे ९५ मिलिलीटर जेल किंवा मलमात ५ मिलिलीटर तेल. मुरमांवर या प्रमाणाचा उपयोग दिसला आहे, बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरमांच्या औषधापेक्षा सावकाश. निर्भेळ तेल लावू नका. जुनं, हवा लागलेलं तेल जास्त खाज आणतं. गडद काचेच्या बाटलीत, बूच घट्ट लावून ठेवा. पोटात कधीही घेऊ नका. एक-दोन चमच्यांनी लहान मुलं ग्लानीत गेल्याच्या नोंदी आहेत.

लघवीचा संसर्ग सारखा होतो. नैसर्गिक काही आहे का?

टाळण्यासाठी आहे, झालेला बरा करण्यासाठी नाही. ही रेघ इथे फार महत्त्वाची.

सगळ्यात स्वस्त उपाय पाणी. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या, पाळी चालू असलेल्या स्त्रियांना २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज दीड लिटर जास्तीचं पाणी दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल त्यांना हे लागू नाही.

क्रॅनबेरीतली प्रोअँथोसायनिडिन द्रव्यं ई. कोलायला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत. मारत नाहीत, फक्त पाय रोवू देत नाहीत. ५० अभ्यास गोळा करणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांत धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी दिसला, मुलांत निम्म्याने. लेबलवर रोज ३६ मिलिग्रॅम प्रोअँथोसायनिडिन असं लिहिलं आहे का ते पाहा. नुसतं ‘फळाचा अर्क ५०० मिलिग्रॅम’ याने काहीच कळत नाही. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर आधी विचारा. डी-मॅनोज या साखरेकडून फार आशा होत्या, पण २०२४ च्या मोठ्या चाचणीत त्याने संसर्ग कमी झाले नाहीत.

बेअरबेरी या झुडपाच्या पानांचा अर्क मात्र संसर्ग झाल्यावर अँटिबायोटिकऐवजी देऊन पाहिला गेला. गोळ्या खूप वाचल्या, पण त्रास जास्त दिवस राहिला आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढल्याचे प्रकार त्या गटात जास्त झाले. ताप, थंडी वाजणं, कंबरेच्या बाजूला दुखणं, गरोदरपण, किंवा पुरुषाला झालेला संसर्ग असेल तर हा प्रयोग करूच नका.

लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायची तपासणी, कसं द्यायचं? दरवेळी ‘मिश्र वाढ’ येते.

मिश्र वाढ म्हणजे बहुधा त्वचेवरचे जंतू बाटलीत आले. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. हात धुवा, जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवा. सुरुवातीची धार सोडून द्या, मधली २०-३० मिलिलीटर निर्जंतुक डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये, ४ अंशांच्या आसपास, फार तर २४ तास. खोलीत पडून राहिलेल्या नमुन्यात जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होऊ शकतात, आणि मग नसलेला संसर्ग कागदावर उमटतो.

त्रास काहीच नाही आणि अहवालात जंतू आहेत, अशा वेळी बहुतेकांना औषध लागत नाही. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणार असलेले हे अपवाद.

काढा आणि अँटिबायोटिक एकत्र घेतलं तर चालतं का?

काय घेता त्यावर आहे, आणि इथली चूक प्रतिकार वाढवू शकते. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही अँटिबायोटिकं लोह, कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम यांना आतड्यातच चिकटून बसतात आणि रक्तात कमी जातात. धातूंची भस्मं, शंख-शिंपल्याची चूर्णं, लोहयुक्त टॉनिकं या यादीत येतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशा गोष्टींच्या किमान २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावं. गोळी वेळेवर, कोर्स पूर्ण, तरी संसर्ग हटत नाही, याचं कारण कधी कधी शेजारच्या डबीतलं चूर्ण असतं.

सेंट जॉन्स वर्ट हे औषधी झुडूप यकृतातली एन्झाइमं वाढवून कित्येक औषधं लवकर बाहेर घालवतं. दारुहळदीतलं बर्बेरिन उलट काही औषधांची पातळी वाढवतं. क्षयरोगाची औषधं चालू असताना यकृतावर ताण देणारं काहीही, ग्रीन टीचा तीव्र अर्कसुद्धा, डॉक्टरांना न सांगता घेऊ नका. दवाखान्यात जाताना सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या. ‘काहीतरी आयुर्वेदिक’ एवढं सांगून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

जंतू नैसर्गिक औषधांनाही सरावतात का?

सरावतात. ‘नैसर्गिक म्हणून प्रतिकार होत नाही’ हा समज सोडून द्यायला हवा. चांदीला न जुमानणारी जनुकं जंतूंत सापडली आहेत. विलो झाडाच्या सालीतल्या द्रव्याशी नातं असलेलं सॅलिसिलेट प्रयोगशाळेत ई. कोलायचे पंप जागे करतं आणि मग त्याला इतर अँटिबायोटिकंही कमी लागू पडतात.

सगळ्यात मोठा धडा आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधाचा आहे. मलेरिया हा परजीवीचा आजार, जिवाणूचा नव्हे, पण रस्ता तोच. चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांच्या गटाला चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात एक वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायचा उल्लेख सापडला. उकळायचा नाही. उष्णतेने गुण जातो हे त्यांनी ताडलं, कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला, आणि तो चालला. त्यासाठी त्यांना २०१५ साली नोबेल मिळालं. पण त्याच्या आधीच हे औषध एकटंच, अपुऱ्या प्रमाणात वापरलं गेलं आणि आग्नेय आशियात परजीवी सरावू लागले. म्हणूनच आज ते दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात, आणि नुसत्या पानांचा चहा पिऊ नका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग वनस्पतींपासून अँटिबायोटिक अजून का आलं नाही?

अँटिबायोटिकं बहुतेक मातीतल्या जिवाणूंनी आणि बुरशींनी दिली. १९४३ सालचं स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूचं. वनस्पतीची लढायची रीत वेगळी आहे: एक जहाल द्रव्य करण्याऐवजी ती अनेक सौम्य द्रव्यं एकत्र सोडते. दारुहळदीच्या कुळातलं बर्बेरिन घ्या. एकटं असलं की स्टॅफिलोकॉकस ते पंपाने बाहेर टाकतो. पण त्याच कुळातल्या काही झाडांत तो पंपच बंद पाडणारं दुसरं द्रव्य असतं, हे २००० साली दिसलं. म्हणजे झाड स्वतःच जोडऔषध बनवतं. ई. कोलाय, क्लेबसिएला यांच्यासारख्या ग्राम-निगेटिव्ह जंतूंना वरून आणखी एक आवरण असतं आणि ही द्रव्यं तिथेच अडतात.

दोन वाटा आम्हाला खऱ्या आशेच्या वाटतात. गोड चेस्टनटच्या पानांचा अर्क स्टॅफिलोकॉकसला मारत नाही, पण जंतू एकमेकांना इशारे देऊन विष सोडतात ते इशारे बंद पाडतो. मरणाचा दबाव नसला की सरावण्याची घाईही कमी. दुसरी वाट माती. उत्तर आयर्लंडमधल्या बोहो भागातली माती दातदुखी-घसादुखीवर कापडात गुंडाळून वापरत. तिच्यात २०१८ साली एमआरएसएसह अनेक दुर्दम्य जंतूंना रोखणारा स्ट्रेप्टोमायसिस सापडला. पण एवढ्यावरून माती जखमेला लावायची नाही, तिच्यात धनुर्वाताचेही बीजाणू असतात.

जखमेवर अळ्या सोडायचा उपचार खरा आहे का?

खरा. हिरव्या माशीच्या, ल्युसिलिया सेरिकाटाच्या, निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या मेलेलं मांस खातात, जिवंत सोडतात. अमेरिकेत २००४ पासून त्यांना वैद्यकीय साधन म्हणून मान्यता आहे. जखम लवकर साफ होते, पण भरून येण्याचा काळ कमी होतोच असं नाही, आणि दुखतं जास्त. रानातल्या माशीच्या अळ्या चालत नाहीत. काही जाती जिवंत मांसात शिरतात.

घरगुती उपाय सोडून तडक रुग्णालयात कधी जायचं?

गोंधळल्यासारखं बोलणं, धाप लागणं, हातपाय गार पडून कातडी ठिपक्यांची दिसणं, १२ तास लघवी न होणं, थरथरून ताप किंवा उलट अंग ३६ अंश सेल्सिअसखाली जाणं: यातलं एकही दिसलं तर थांबू नका, हे रक्तात पसरलेल्या संसर्गाचं लक्षण असू शकतं. जखमेभोवतीच्या लालीच्या कडेवर पेनाने रेघ मारा आणि वेळ लिहा. काही तासांत लाली रेघ ओलांडून गेली, किंवा दिसते त्या मानाने दुखणं असह्य असेल, तर लगेच निघा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश ताप म्हणजे तातडीच.

विद्यार्थी आहोत. अर्काची जंतूंवर चाचणी करताना काय चुकतं?

अगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवून भोवतालचा स्वच्छ गोल मोजतात, आणि तिथेच फसगत होते. तेलं आणि चिकट द्रव्यं अगरमध्ये पसरत नाहीत, म्हणून जहाल अर्काचाही गोल लहान येतो. सौम्य पण पाण्यात विरघळणाऱ्याचा मोठा येतो. त्यापेक्षा ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये द्रवात दुपटीने पातळ करत जाऊन वाढ रोखणारं किमान प्रमाण काढा. प्रत्येक खळग्यात जंतू मिलिलीटरला ५ लाख, तापमान ३५ अंश, वेळ १६ ते २० तास. जंतू जास्त घातले तर चांगलं औषधही नापास होतं.

अर्क गडद असेल तर गढूळपणा दिसत नाही. शेवटी रेझाझुरिन हा रंग घाला, निळ्याचं गुलाबी झालं की जंतू जिवंत. उडणाऱ्या तेलांची वाफ शेजारच्या खळग्यात जाऊन तिथलेही जंतू मारते, म्हणून प्लेट फिल्मने बंद करा आणि कडेच्या खळग्यांवर विसंबू नका. अर्क विरघळवायला डीएमएसओ वापरलं तर ते शेवटी १ टक्क्याच्या आत ठेवा, आणि अर्काशिवाय नुसतं तेवढंच डीएमएसओ घातलेली एक ओळ लावा. सोबत ज्याचा आकडा माहीत आहे असं एक अँटिबायोटिक चालवा. त्याचाच आकडा चुकला तर त्या दिवशीची अख्खी प्लेट टाकून द्यायची. मिलिलीटरला १००० मायक्रोग्रॅमला जाऊन वाढ थांबली तर त्याला ‘प्रभावी’ लिहू नका. आणि जंतू मेले असतील तर तोच अर्क त्याच प्रमाणात तांबड्या पेशींवर घालून पाहा. त्याही फुटल्या तर तुमच्या हाती साबणासारखं काहीतरी लागलं आहे, अँटिबायोटिक नव्हे.